विजेचा हिशेब

व्याख्यानाच्या वेळी माझ्यापुढे मेजावर एक फळी होती. फळीवर दोन होल्डर आणि त्यांत जुन्या पद्धतीचे, तारेचे दोन दिवे. एक ६० वॉटचा, दुसरा १०० वॉटचा. वाचकांना ही फळी दिसणार नाही म्हणून तिचे वर्णन करून ठेवतो, कारण सगळे व्याख्यान तिच्याभोवतीच फिरत होते.

प्रथम दोन्ही दिवे आपण घरात लावतो तसे एकमेकांपासून स्वतंत्र लावले. अपेक्षेप्रमाणे १०० चा दिवा अधिक उजळला. मग जोडणी बदलली. वीज एका दिव्यातून जाऊन तेथून दुसऱ्यात शिरेल अशी, म्हणजे जिला एकसर जोडणी म्हणतात ती केली. आणि बटण दाबण्यापूर्वी श्रोत्यांना विचारले, की आता कोणता दिवा अधिक उजळेल? बहुतेक सगळे हात १०० च्या बाजूने वर झाले. बटण दाबले. ६० चा दिवा तांबूस पिवळा पेटला, आणि १०० च्या दिव्याची तार जेमतेम लाल झाली. मंडपात कुजबुज झाली. मागच्या रांगेतील एक गृहस्थ म्हणाले, "दिवे उलटे लावले असतील!" तेव्हा दिव्यांची अदलाबदल केली. निकाल तोच.

यात हातचलाखी काही नव्हती. शाळेत शिकलेली दोनच सूत्रे त्या फळीवर काम करीत होती. सूत्रे आपणा सर्वांना पाठ असतात. चूक होते ती दुसरीकडे, आणि ती कोठे होते हेच मला आज सांगावयाचे आहे.

विजेच्या हिशेबात चार राशी येतात : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती. दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॉटमध्ये मोजतात. पहिल्या दोन उपकरणाने मोजता येतात आणि उरलेल्या दोन कागदावर निघतात. वायरमनच्या खिशातील लहानसा मीटर याच कामासाठी असतो.

दाब आणि प्रवाह यांतला फरक समजावा म्हणून मी नेहमी खोपोलीचे उदाहरण देतो. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरते. १९१५ सालापासून या पाण्याने तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. आता त्या पाण्याकडून किती काम होईल हे कशावर अवलंबून? एक, पाणी किती उंचावरून पडते. आणि दुसरे, दर सेकंदास किती पाणी पडते. उंची प्रचंड पण धार करंगळीएवढी, तर चक्र फिरणार नाही. पाणी अमाप पण उंची वीतभर, तरीही फिरणार नाही. दोहोंचा गुणाकार पाहिजे. विजेतही हेच. व्होल्ट म्हणजे विजेच्या दर मापामागे मिळणारी ऊर्जा. अँपिअर म्हणजे दर सेकंदास अशी किती मापे वाहतात तो आकडा. दोहोंचा गुणाकार केला की दर सेकंदास मिळणारी ऊर्जा येते, आणि तिलाच शक्ती म्हणतात. २३० व्होल्ट दाबाखाली १ अँपिअर वाहत असेल तर २३० वॉट. यात पाठ करण्यासारखे काही नाही.

रोधाचे मात्र तसे नाही. त्याचा नियम शोधण्यास एका माणसाला बराच त्रास झाला. गिओर्ग ओहम हा १७८९ साली जर्मनीत एर्लांगेन येथे एका कुलुपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला आणि पुढे कोलोन येथे शाळामास्तर झाला. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती प्रवाह जातो हे त्याला मोजावयाचे होते. परंतु त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत जाई. तार बदलली म्हणून प्रवाह कमी झाला, की घट दमला म्हणून, हे कळावे कसे? मग पोग्गेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने घट बाजूस ठेवले आणि तांबे व बिस्मथ या धातूंचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. या दोन तापमानांतील फरक हलत नाही, त्यामुळे मिळणारा दाबही हलत नाही. दाब असा खिळवून ठेवल्यावर तारांचा हिशेब सरळ लागला. एका ठराविक दाबाखाली रोध जितका अधिक तितका प्रवाह कमी. म्हणजेच दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. हे सारे त्याने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडले. त्याच्या देशात त्याचे फारसे कौतुक झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोप्ली पदक दिले तेव्हा कोठे लोकांचे लक्ष गेले, आणि १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले.

ओहमची हुशारी भागाकारात नव्हती, ती एक राशी खिळवून ठेवण्यात होती. आपण घरी हिशेब करताना नेमके हेच विसरतो.

आता आकडे घालून पाहू. दिव्यावर '२३० व्होल्ट, ६० वॉट' असे छापलेले असते. ६० ला २३० ने भागले की प्रवाह सुमारे ०.२६ अँपिअर. २३० ला ०.२६ ने भागले की रोध सुमारे ८८० ओहम. दोन भागाकारांऐवजी एकच करावयाचा असेल तर दाबाचा वर्ग करून त्याला शक्तीने भागावे : २३० चा वर्ग ५२,९००, भागिले ६०, उत्तर ८८२. हा ५२,९०० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्या घरातील कोणत्याही साध्या तापणाऱ्या उपकरणाचा रोध त्याने एका ओळीत निघतो. १०० च्या दिव्याचा ५२९ ओहम. १५०० वॉटच्या पाणी तापविण्याच्या रॉडचा सुमारे ३५. ३००० वॉटच्या गीझरचा साडेसतरापेक्षा थोडा अधिक. वॉट जितके जास्त तितका रोध कमी, हे पुष्कळांना उलटे वाटते. पण रोध कमी असल्याखेरीज प्रवाह वाढणार कसा?

येथे एक गंमत आहे. ६० वॉटचा दिवा होल्डरमधून काढून, थंड असताना, मीटरने त्याचा रोध मोजा. मीटर ८८० दाखवीत नाही; साठ-पासष्ट ओहमच्या आसपास काहीतरी दाखवितो. मीटर बिघडलेला नाही आणि सूत्रही खोटे नाही. दिव्यातील तार टंगस्टनची असते. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते, आणि तापल्यावर तिचा रोध तेरा-चौदा पटींनी वाढतो. ८८० हा पेटलेल्या दिव्याचा रोध, ६५ हा विझलेल्याचा. म्हणूनच बटण दाबल्याच्या क्षणी दिव्यातून पाव अँपिअरऐवजी तीन-साडेतीन अँपिअरचा लोंढा जातो, आणि म्हणूनच म्हातारा दिवा बहुधा जळत असताना न जाता लावतानाच जातो. रॉडमधील नायक्रोमची तार या बाबतीत पुष्कळ शहाणी. तापल्यावर तिचा रोध थोडासाच वाढतो. आजच्या एल.ई.डी. दिव्याला तर हा भागाकार लावूच नये. त्याच्या बुडाशी एक इलेक्ट्रॉनिक मंडल बसविलेले असते. ५२,९०० ला ९ वॉटने भागून उत्तर येईल, पण त्या उत्तराएवढा रोध त्या दिव्यात कोठेही सापडावयाचा नाही.

फळीवरील कोडे आता सुटते. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. यात दाबाच्या जागी 'प्रवाह गुणिले रोध' घातले तर शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. प्रवाहाच्या जागी 'दाब भागिले रोध' घातले तर शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. एका सूत्रात रोध वर आहे, दुसऱ्यात खाली. मग रोध वाढला तर शक्ती वाढणार की कमी होणार? एका चुणचुणीत विद्यार्थ्याने मला हा प्रश्न वर्गात विचारला होता, आणि पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. उत्तर असे की, कोणती राशी खिळलेली आहे ते आधी सांगा. स्वतंत्र लावलेल्या दोन्ही दिव्यांना दाब सारखाच, २३०. तेव्हा कमी रोधाचा, म्हणजे १०० चा दिवा जिंकतो. एकसर जोडणीत दाब दोघांत वाटला जातो. सारखा राहतो तो प्रवाह, कारण एकातून गेलेली वीजच दुसऱ्यात जाते. तेव्हा ज्याचा रोध अधिक तो जिंकतो, आणि तो ६० चा. दोघांचे रोध मिळून १,४११ ओहम, प्रवाह ०.१६ अँपिअर, ६० च्या दिव्यास सुमारे २३ वॉट आणि १०० च्या दिव्यास १४. प्रत्यक्षात अंतर याहूनही मोठे दिसते, कारण १०० ची तार तापतच नाही आणि तिचा रोध आणखी खाली राहतो. दिव्याच्या काचेवरील '१०० वॉट' हा त्या दिव्याचा गुण नव्हे. २३० व्होल्ट दिले तर १०० वॉट घेईन, एवढाच तो करार आहे.

इतका वेळ दिव्यांशी खेळलो, पण हा खेळ नव्हे. खेडेगावात, डी.पी.पासून दूरच्या घरांत, संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरतो. १५०० वॉटच्या रॉडचा रोध जवळपास आहे तेवढाच राहतो. तेव्हा १८० चा वर्ग ३२,४००, भागिले ३५. शक्ती राहिली सुमारे ९२० वॉट. दाब शेकडा २२ ने उतरला, पण शक्ती शेकडा ३९ ने. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयास जेथे साडेसतरा मिनिटे पुरत तेथे साडेअठ्ठावीस लागतील. नुकसान काय ते वेळेचे. रॉडला काही होत नाही. उलट त्याला विश्रांतीच.

आमच्या मामांनी हाच न्याय आपल्या मोटारीला लावला. गोष्ट १९८३ सालची. नगर जिल्ह्यात त्यांची विहीर बागायत होती, विहिरीवर पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार, आणि रानात उन्हाळी भुईमूग उभा होता. रात्री वीज येई ती ४१५ व्होल्टऐवजी ३३० ची. स्टार्टरमधील रिले घटकेघटकेला पडू लागला. मामांनी रिले बांधून टाकला. मी त्या वेळी नुकताच पदवी घेऊन आलेला; माझ्यासमोरच ते म्हणाले, "अरे, दाबच कमी आहे, मोटारीवर ताण कसला येतोय? हीटर नाही का कमी तापत?" मला त्यातली चूक चटकन दाखविता आली नाही, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या रात्री मोटार जळली. वाइंडिंग भरून येईपर्यंत आठ दिवस गेले आणि भुईमूग अर्ध्यावर आला.

चूक कोठे होती? रॉडमध्ये खिळलेली राशी रोध आहे. मोटारीत तसे नाही. विहिरीतील पाणी तेवढ्याच उंचीवर चढवावयाचे असते. दाब उतरला तरी मोटारीचा वेग फारसा उतरत नाही, म्हणून तिला काम जवळजवळ तेवढेच करावे लागते. म्हणजे येथे खिळलेली राशी शक्ती आहे. गुणाकार कायम, त्यातला एक आकडा घटला, तर दुसरा वाढलाच पाहिजे. ४१५ भागिले ३३० म्हणजे सव्वापट. आठ अँपिअर घेणारी मोटार दहा घेऊ लागली. आणि वाइंडिंगच्या तांब्यात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सव्वाचा वर्ग दीडहून अधिक. मोटारीच्या अंगात दीडपटीहून जास्त आग, आणि तिला आवरणारा रिले सुतळीने बांधलेला. (मोटारीच्या पूर्ण हिशेबात पॉवर फॅक्टर नावाची आणखी एक भानगड येते. तिने आकडे थोडे हलतात, निष्कर्ष हलत नाही.)

उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते हे प्रथम दाखवून दिले ते इंग्लंडमधील जेम्स जूल याने, १८४० च्या सुमारास. तो मँचेस्टरजवळच्या एका मद्याच्या भट्टीवाल्याचा मुलगा. पाण्याच्या भांड्यात तारेचे वेटोळे बुडवून, थर्मामीटर लावून, त्याने मोजमाप केले. प्रवाह दुप्पट केला तर पाण्याचे तापणे चौपट. या एका 'वर्गा'ने विजेच्या धंद्याचे सगळे स्वरूप ठरविले आहे. खोपोलीहून मुंबईस वीज पाठवावयाची ती तारांतून. तारांना रोध आहे. समजण्यासाठी तो ५ ओहम धरू आणि दहा हजार किलोवॉट पाठवू. दहा हजार व्होल्टवर पाठविली तर प्रवाह एक हजार अँपिअर. हजाराचा वर्ग गुणिले पाच म्हणजे पाच हजार किलोवॉट. निम्मी वीज वाटेवरच्या कावळ्यांचे पाय शेकण्यात गेली! तीच एक लाख व्होल्टवर पाठविली तर प्रवाह शंभर अँपिअर, आणि नुकसान अवघे पन्नास किलोवॉट. दाब दहापट, नुकसान शंभरावा हिस्सा. रेल्वेतून खंडाळ्याचा घाट उतरताना ते उंच मनोरे आणि त्यांवरील हातभर लांब चिनीमातीच्या माळा आपण पाहतो. एवढा खटाटोप या वर्गासाठी आहे.

आता मनोऱ्यांवरून परत घरी येऊ, न्हाणीघरातील गीझरकडे. ३००० वॉट म्हणजे १३ अँपिअर. समजा, प्लगची पिन सैल आहे, किंवा आतील स्क्रू वायरमनने पुरता आवळलेला नाही, आणि त्या सांध्याचा रोध ०.१५ ओहम झाला आहे. एवढा रोध किती क्षुल्लक! गीझरच्या साडेसतरा ओहमपुढे तो शेकडा एकदेखील नाही. पण १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.१५, उत्तर २५ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात डाग देण्याचा जो सोल्डरिंग आयर्न असतो तो बहुधा २५ वॉटचाच असतो, आणि त्याच्या टोकाला कथील वितळते. तुमच्या भिंतीतील प्लॅस्टिकच्या पेटीत, डोळ्यांआड, तो आयर्न चालू आहे. सांधा तापला की धातू काळवंडतो, काळवंडला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो.

"पण फ्यूज आहे ना?" असे येथे कोणीतरी म्हणतेच. फ्यूज किंवा हल्लीचा एम.सी.बी. फक्त प्रवाह ओळखतो. सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, किंचित कमीच होतो. १६ अँपिअरच्या एम.सी.बी.च्या दृष्टीने १३ अँपिअर म्हणजे सर्व काही ठीक. भिंत जळू लागली तरी त्याच्या हिशेबी काहीही बिघडलेले नाही. मामांच्या रात्री रिले खरे बोलत होता आणि आम्ही ऐकले नाही. येथे बोलणाराच कोणी नाही. त्यामुळे प्लग हाताला गरम लागणे, पांढरी पेटी पिनांभोवती पिवळी पडणे, जळक्या बेकेलाइटसारखा वास येणे, याच काय त्या सूचना. अशा वेळी मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलवावे आणि सांधा आवळून किंवा बदलून घ्यावा. मोठा फ्यूज घालणे हा यावर उपाय नव्हे; ते मामांचे सुतळी बांधणे झाले.

व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारले, की आमच्याकडे मीटर नाही, व्होल्ट मोजावयाचे यंत्र नाही, मग आम्ही हा हिशेब कसा करावा? घरात मीटर असतोच : वीज कंपनीचा. त्यावर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकेल हे तेथेच छापलेले असते. समजा, ३,२०० असे छापले आहे. युनिट म्हणजे एक हजार वॉट एक तासभर. घरातील बाकी सर्व बंद करून केवळ १५०० वॉटचा रॉड पाण्यात लावावा आणि घड्याळ घेऊन बसावे. पुरा दाब असेल तर ठिपका मिनिटास ८० वेळा लुकलुकला पाहिजे. बाईंनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजून मला आकडा आणून दिला : ६६. तेव्हा ६६ गुणिले ६० भागिले ३,२००; रॉड घेत होता सुमारे १,२४० वॉट. रॉडचा रोध आपणास ठाऊक आहे, ३५ ओहम. शक्ती गुणिले रोध, त्याचे वर्गमूळ. त्यांच्या घरी त्या वेळी २०८ च्या आसपास व्होल्ट येत होते.